तळ्यातून हाक: कॅनो सहलीत हॅम हँडसेट कसा वापरावा

कॅनोत बसलेला माणूस त्या सगळ्या मुलखात सर्वांत खाली असतो. पाणी सखल जागा शोधत जातं आणि आपण त्या पाण्यावर. चारी बाजूंनी झाडं, कडे, टेकड्या. आणि हातातल्या हॅम रेडिओला, म्हणजे परीक्षा देऊन परवाना घेतलेल्या हौशी लोकांच्या व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारितेच्या) सेटला, नेमकी हवी असते उंची. हा विरोध डोक्यात पक्का बसला की कुठला हँडसेट घ्यायचा इथपासून मदत कुठून मागायची इथपर्यंतचे निम्मे प्रश्न आपसूक सुटतात. मला तो बसायला दोन सहली लागल्या.

हिशेब सोपा आहे. बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढा, बेरीज करून ४.१२ ने गुणा. आलं ते अंतर किलोमीटरमध्ये. कॅनोत बसून हात वर केला तरी अँटेना पाण्यापासून जेमतेम १ मीटर, म्हणजे तुमच्या बाजूचं क्षितिज ४ किलोमीटरवर संपलं. दोन कॅनो एकमेकींना मोकळ्या पाण्यावर ८ किलोमीटरपर्यंत ऐकू शकतील, तेही मध्ये झाडीचं एखादं बेट नसेल तर. तोच हँडसेट घेऊन ६४ मीटर उंच कड्यावर चढा, तुमच्या बाजूचे ३३ किलोमीटर झाले. हँडसेट तोच, बॅटरी तीच. दुकानदार तुम्हाला ५ वॉटऐवजी ८ वॉटचा सेट दाखवील. त्या ३ वॉटनी ऐकणाऱ्याच्या कानाला जाणवेल न जाणवेल एवढाच फरक पडतो. पैसे पायांतल्या बुटांवर घाला, चढायला उपयोगी पडतील.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. जिवावरच्या प्रसंगासाठी पहिलं साधन हॅम रेडिओ नाही. ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा, कोस्पास-सारसॅट या बचावयंत्रणेच्या उपग्रहांना हाक देणारा छोटा बीकन मिळतो. त्याला आकाश दिसलं की पुरे, टेकडी चढावी लागत नाही. तो प्रत्येक गटात असावा. पण बीकन फक्त ‘आम्ही इथे आहोत, या’ एवढंच म्हणतो. पाय मुरगळलाय की मोडलाय, होडी पुरेल की हेलिकॉप्टर लागेल, वाऱ्याचा उद्या काय रंग असेल, हे बोलायला माणूस लागतो. शिवाय सगळ्याच अडचणी बीकनचं बटण दाबण्याइतक्या मोठ्या नसतात. अशा मधल्या अडचणींत रेडिओ फार कामाचा.

आता कान. रेडिओवर आपण काय बोलणार याचाच विचार माणसं करतात. ऐकणार कोण, हे कुणी ठरवत नाही. निर्जन तळ्यावर ‘कुणी आहे का, कुणी आहे का’ असं ओरडून काही होत नाही. उत्तर अमेरिकेतल्या हॅम लोकांत एक जुना प्रघात आहे: १४६.५२० मेगाहर्ट्झवर सकाळी ७ पासून दर तीन तासांनी पाच मिनिटं सेट लावून ऐकायचं, रानात कुणी अडकलंय का ते. प्रघात छान आहे, पण तुमच्या टापूत त्या वेळी कुणी ऐकत असेलच याची हमी कुणीही दिलेली नाही. शिवाय हा आकडा जगभर एकच नाही. युरोपात याच कामाची वारंवारिता १४५.५०० आहे, ऑस्ट्रेलियात १४६.५००. जिथे जाल तिथला आकडा तिथल्या हॅमना विचारून घ्या.

म्हणून मी घरीच नकाशा पसरून तीन प्रकारचे कान शोधते. पहिला, वाटेतले रिपीटर: उंच मनोऱ्यावर बसलेली यंत्रं, जी तुमचा क्षीण आवाज एका वारंवारितेवर ऐकतात आणि त्याच क्षणी दुसरीवर जोरात परत फेकतात. १०० मीटर उंचीवरचा रिपीटर त्याच्या बाजूने ४१ किलोमीटर पाहतो. तुमचे त्यात मिळवा. दुसरा, त्या भागातला एखादा हॅम. परिसरातल्या क्लबला आधी चार ओळी लिहिल्या की बहुधा कुणी ना कुणी ‘मी संध्याकाळी ७ ला ऐकत बसेन’ म्हणतोच. या छंदातल्या लोकांना ऐकायला निमित्तच हवं असतं. तिसरा कान घरातला. त्याच्याकडे रेडिओ नसला तरी चालेल, पण आपला मार्ग, मुक्काम आणि परतीचा दिवस लिहिलेला कागद हवा, आणि एक नियम तोंडपाठ हवा: ठरल्या वेळी आवाज आला नाही म्हणून घाबरायचं नाही, पण परतीच्या दिवशी अमुक वाजेपर्यंत आम्ही फोनच्या टप्प्यात आलो नाही तर शोध सुरू करायचा. हा नियम न ठरवता गेलात तर पहिल्याच चुकलेल्या हाकेला घरात रडारड. अनुभवाचे बोल आहेत.

रिपीटरच्या प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी लागतात: ऐकायची वारंवारिता, बोलायची किती सरकवायची ते अंतर, आणि दार उघडणारा कानाला न ऐकू येणारा टोन. दोन मीटर बँडवर, म्हणजे वर आलेल्या १४५-१४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, हे अंतर बहुतेक ठिकाणी ६०० किलोहर्ट्झ असतं, वर की खाली ते जागेप्रमाणे. टोन चुकला तर तुम्ही कड्यावर उभे राहून दिवसभर बोलाल आणि रिपीटर ढिम्म हलणार नाही. मी मार्गाच्या क्रमाने चॅनेल भरते. पहिल्या दिवसाचा रिपीटर चॅनेल १ वर, अशी. आणि तेच सगळं पेन्सिलने एका कार्डावर लिहून, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी मारून सेटच्या पाठीला लावते. कारण थंडीने बधिर झालेल्या बोटांनी चुकीची बटणं दाबली जातात आणि सगळी भरलेली चॅनेल पुसली जातात. संगणकाशिवाय, नुसत्या बटणांनी वारंवारिता आणि टोन कसा भरायचा हे घरी बसून पाच-सहा वेळा करून पाहा. तहान लागल्यावर विहीर खणायची तर निदान कुदळ कुठे ठेवलीय ते तरी माहीत हवं.

परवान्याबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीचं ४.९ हे कलम म्हणतं की संकटातल्या केंद्राला लक्ष वेधायला, ठिकाण कळवायला आणि मदत मिळवायला हाताशी असेल ते रेडिओ साधन वापरण्यापासून हे नियम रोखत नाहीत. हे ऐकून काही जण म्हणतात, मग परीक्षा कशाला द्यायची? अहो, परवान्याशिवाय सराव करता येत नाही, आणि सराव नसलेल्या माणसाच्या हातात हँडसेट म्हणजे महागडं वजन. माझ्या मते गटात दोघांकडे परवाना हवा. एकाकडेच असला तर नेमका तोच घसरून पडतो.

आमच्या दुसऱ्या सहलीत असं काही झालं नाही, पण फजिती झालीच. मी हँडसेट स्वयंपाकाच्या भांड्यांसोबत मोठ्या पिशवीत कोंबला होता. बटणांना कुलूप लावलं होतं, म्हणून निर्धास्त. रात्री सेट काढला तर तव्यासारखा गरम, आणि बॅटरी संपलेली. पातेल्याचं झाकण बोलायच्या बटणावर, म्हणजे पीटीटीवर, दाबून बसलं होतं. दिवसभर आम्ही त्या सगळ्या परिसराला भांड्यांचा खडखडाट ऐकवत होतो! बहुतेक सेटांत ते कुलूप आकड्यांच्या बटणांना लागतं, पीटीटीला नाही. तेव्हापासून दोन गोष्टी करते: सेटिंगमध्ये सलग बोलण्याची मर्यादा एक मिनिटावर आणते, म्हणजे बटण अडकलं तरी प्रक्षेपण बंद पडतं, आणि सेट पिशवीत टाकायचाच झाला तर बॅटरी काढून वेगळी ठेवते.

खरं तर सेट पिशवीत नसावाच. कॅनो उलटली की पिशवी एकीकडे, तुम्ही दुसरीकडे. हँडसेट अंगावरच्या लाइफ जॅकेटच्या खिशात, दोरीने बांधलेला. आयपी६७ लिहिलेला सेट १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो असा त्याचा अर्थ, पण तरंगतो असा नाही. हातातून सुटला तर तो चकचकीत दगडासारखा तळाला जातो. स्वस्त सेटला तेवढंही संरक्षण नसतं. त्यासाठी पातळ, पारदर्शक, जलरोधक पिशवी घ्या. तिच्यातून बटण दाबता येतं आणि बोललेलं कळतंही. आवाज थोडा दबतो, चालतंय. अँटेना मात्र पिशवीत वाकवून कोंबू नका.

बॅटरीचा हिशेब कंजूष माणसासारखा करावा. पूर्ण ताकदीवर बोलताना सेट दीड अँपिअरच्या आसपास ओढतो. नुसतं ऐकताना त्याच्या कितीतरी कमी, पण ते ‘कमी’ चोवीस तास चालू राहिलं की दुसऱ्या दिवशी बॅटरी बसते. म्हणून सेट बंद ठेवायचा आणि ठरलेल्या वेळीच लावायचा: सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाच-पाच मिनिटं. एवढ्यावर एक बॅटरी आठवडा काढते. दुसरी भरलेली बॅटरी कोरड्या पिशवीत. थंडी असेल तर रात्री दोन्ही झोपायच्या पिशवीत आपल्यासोबत घ्या, लिथियम-आयन गारठली की असलेली ताकदही देत नाही. रिपीटर १ वॉटवर उघडत असेल तर ५ वॉट जाळू नका.

आता माझा आवडता भाग, अँटेना. सेटसोबत येणारं रबरी शेपूट हे सोयीसाठी केलेली तडजोड आहे. ते अर्धीच अँटेना. उरलेला अर्धा भाग म्हणून सेटचं धूड आणि तुमचा हात वापरला जातो, आणि हात काही तांब्याचा नसतो. यावर सर्वांत स्वस्त इलाज: ४९ सेंटिमीटर लांब, लवचिक, आवरण असलेली तार. तिच्या एका टोकाला छोटी धातूची कडी लावा, ती कडी अँटेना आणि सेट यांच्यामध्ये बाहेरच्या आट्यांना टेकेल अशी बसवा, मधल्या पिनेला मात्र शिवू देऊ नका, आणि तार खाली लोंबती सोडा. ४९ कुठून आले? ७१५० भागिले वारंवारिता. १४६ ने भागा, उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. पाव तरंगलांबी. दिसायला विचित्र, सेटला खरोखरच शेपूट फुटल्यासारखं, पण जिथे नुसती खरखर होती तिथे शब्द कळायला लागतात.

दुसरी अँटेना गुंडाळून नेण्याची. सपाट दुहेरी तारेची, दीड मीटरच्या आसपास लांबीची जे-पोल. गुंडाळी तळहाताएवढी होते. खाण्याची पिशवी झाडावर टांगायला जी दोरी नेतो तीच वापरायची: दोरीच्या टोकाला दगड बांधलेली छोटी थैली, ती ५-६ मीटर उंच फांदीवरून पलीकडे फेकायची, आणि अँटेना वर ओढून घ्यायची. सरळ उभी टांगायची, आडवी नाही. या बँडवर एफएमवाले उभ्या अँटेनाने बोलतात. तुम्ही आडवी केलीत तर मिळवलेली ताकद तिथेच घालवलीत. केबल बारीक असेल तर सहा मीटरमध्ये एक तृतीयांशाहून जास्त ताकद वाटेतच विरते, तरीही पानांच्या वर गेलेली अँटेना फायद्यातच राहते. गडगडाट ऐकू आला की मात्र सगळं उतरवायचं आणि कड्यावरून खाली यायचं. यात वाद नाही.

(भाचा दरवेळी विचारतो, ‘मावशी, अंतराळ स्थानकावरून संदेश नाही का जात?’ जातो. १४५.८२५ वर त्यांचा डेटा रिपीटर असतो, आणि हँडसेटवरून त्याला गाठलेले लोक आहेत. पण तो नेहमी चालू असतोच असं नाही, आणि एकदा डोक्यावरून गेला की फार तर दहा मिनिटं. गंमत म्हणून करा. मोडलेल्या पायासाठी नको.)

पाय आमच्याकडे मोडलाच, म्हणजे निदान तसं वाटलं. आम्ही चौघं: मी, भाचा, मैत्रीण आणि तिचा नवरा. दोन तळ्यांच्या मधली पायवाट, मैत्रिणीच्या नवऱ्याच्या डोक्यावर कॅनो, पावसाने शेवाळलेला दगड. घोटा तासाभरात पावासारखा फुगला. पाऊल टेकवेना. बोटं हलत होती, बधिरपणा नव्हता, रक्त नव्हतं. बीकन दाबावा असा प्रसंग नाही, पण पुढच्या तीन पायवाटा चालत पार करणंही शक्य नाही. पाण्याकाठी सेट लावला, रिपीटरवर शांतता. मैत्रीण त्यांच्याजवळ थांबली. मी आणि भाचा कड्याकडे निघालो. एकट्याने जायचं नाही हे ठरलेलं होतं. सोबत सेट, दोन्ही बॅटऱ्या, गुंडाळलेली अँटेना, दोरी, जीपीएस, शिट्टी, टॉर्च, कागद-पेन्सिल.

निघण्याआधी जखमी माणसाशेजारी बसून निरोप लिहून काढला. हे कधीच चुकवू नका, कारण धाप लागलेला माणूस कड्यावर पोचेपर्यंत निम्मं विसरतो. कोण, कुठे, काय झालं, किती जण, आत्ता अवस्था काय, काय हवंय, आणि आम्ही पुढे काय करणार. सात ओळी, त्याच क्रमाने. जीव धोक्यात असेल तर सुरुवातीला तीनदा ‘मेडे’. आमच्यासारखं निकडीचं पण जिवावरचं नाही, तर तीनदा ‘पॅन-पॅन’. ते शब्द आठवले नाहीत तर साधं ‘इमर्जन्सी’ म्हणा, कुणी परीक्षा घेत नाही.

कड्यावर पीटीटी दाबून कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेली माझी ओळखीची अक्षरं, सांगितलं, बटण सोडलं, आणि कान दिला. सोडल्यावर क्षणभर रिपीटरचा मंद सूं आवाज येतो आणि मग टक् करून बंद होतो. तो सूं आला म्हणजे दार उघडलं. नुसता रिपीटर आपल्याला ऐकू येणं पुरेसं नाही. तो उंचावरून मोठ्या ताकदीने बोलतो, आपण ५ वॉटवर, त्यामुळे एकतर्फी ऐकू येणं नेहमीचं. आम्हाला सूं आला, पण तुटक. भाच्याने अँटेना झाडावर चढवेपर्यंत मी रबरी शेपटावरच प्रयत्न करत होते, आणि दोन पावलं डावीकडे सरकल्यावर आवाज एकदम स्वच्छ झाला. तरंगलांबी २ मीटर. खडकांवरून परतलेल्या लहरी एका जागी एकमेकींना मारतात आणि मीटरभर बाजूला जोडतात. म्हणून खरखर झाली की आधी पाय हलवा. चांगली जागा सापडली की तिथे दगड ठेवून खूण करा.

पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, निवांत, जणू चहा पीत बसलाय. मी वाचायला लागले. बटण दाबून एक सेकंद थांबायचं आणि मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द रिपीटर गिळतो. तोंड सेटपासून चार बोटं दूर, पाठ वाऱ्याला. एका दमात दोन वाक्यं, मग सोडायचं. ओरडायचं नाही, एफएमवर ओरडलं की शब्द फाटतात.

अक्षांश-रेखांश मी दशांश अंशांत दिले आणि तसं आधी सांगितलं, कारण अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत झाली की मदत भलत्याच तळ्यावर जाते. आकडे एकेक करून. बेचाळीस नाही, ‘चार, दोन’. मग मी त्यांना म्हटलं, ‘परत वाचून दाखवा.’ त्यांनी वाचलं. अक्षांशाच्या दुसऱ्या दशांश स्थळी माझा दोन त्यांच्या कागदावर तीन झाला होता. म्हणजे १.१ किलोमीटर उत्तरेला, आणि मध्ये पाय बुडेल असली दलदल. ‘चूक, पुन्हा सांगते,’ म्हणून ती एकच ओळ पूर्ण पुन्हा दिली, त्यांनी पुन्हा वाचली, जुळली. सोबत शब्दांत जागाही सांगितली: लांबट तळं, पूर्व टोक, पायवाट पाण्याला मिळते तिथे, लाल ताडपत्री टांगलीय.

त्यांनी विचारलं, ‘बॅटरी किती?’ हा प्रश्न विचारणारा माणूस कामाचा. मी सांगितलं. ते म्हणाले, ‘मी बचाव पथकाला फोन करतो. तुम्ही सेट बंद करा. अर्ध्या तासाने, बरोबर साडेचारला, मी हाक मारेन. नाही ऐकू आली तर पाचला. जागा सोडू नका.’ घड्याळं जुळवली. माझं त्यांच्या दोन मिनिटं मागे होतं, ते तिथेच सुधारलं. तसं केलं नसतं तर पाच मिनिटांच्या खिडकीतली दोन आधीच गेली असती.

ती अर्ध्या तासाची वाट पाहणं म्हणजे रेडिओच्या कामातला सर्वांत अवघड भाग. हात शिवशिवतात, सेट लावून बघावंसं वाटतं. भाच्याने शिट्टीचे ठरलेले दोन आवाज देऊन खाली मैत्रिणीला कळवलं की संपर्क झाला. खालून दोन उत्तरं आली. मी खूण केलेल्या दगडावर बसले. कागदाच्या मागच्या बाजूला विचारायचे प्रश्न लिहून ठेवले: होडी कुठल्या टोकाने येणार, घोट्याला तोवर काय करायचं, रात्री वारा कसा असेल.

चार वाजून एकोणतीस मिनिटांनी सेट लावला. साडेचारला सूं झालं, आणि त्याच निवांत आवाजाने माझं कॉलसाइन अक्षरागणिक उच्चारलं.

‘ऐकतेय,’ मी म्हटलं. ‘पेन्सिल तयार आहे.’